ओंडका ओला फोडावा की वाळू द्यावा? एका सुबाभळीचे दहा महिने

गेल्या वर्षी २८ मेच्या संध्याकाळी साडेपाचला वळीव आला आणि पुण्यात सहकारनगरमधल्या आमच्या घरामागची सुबाभूळ पडली. अर्धी पडली म्हणायला हवं. दोन खोडांपैकी एक गल्लीत आडवं झालं आणि दुसरं शेजारच्या काकूंच्या कुंपणभिंतीवर रेलून राहिलं. कुणाला लागलं नाही. आई मात्र रात्रभर झोपली नाही, कारण ते झाड बाबांनी लावलेलं. १९८६ साली सामाजिक वनीकरणाची रोपं मिळायची, तेव्हा त्यांनी दोन आणली होती. उरुळीकांचनच्या बाएफ या संस्थेने सुबाभळीचा तेव्हा खूप प्रसार केला होता. चारा मिळतो, सरपण मिळतं, जमिनीला नत्र मिळतं, असं बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे.

आता सरपण समोर पडलं होतं आणि ते फोडायचं कसं हे मला ठाऊक नव्हतं. कुऱ्हाड मी कधी हातातही धरली नव्हती. पुढच्या दहा महिन्यांत जे शिकले ते लिहून ठेवते आहे. पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यात दरवर्षी झाडं पडतात आणि अंगणात ओंडक्यांचा ढीग घेऊन माझ्यासारखंच कुणीतरी उभं असतं.

त्या रात्री १०१ ला फोन केला. पाऊण तासात अग्निशमन दलाची गाडी आली. जवानांनी गल्लीतलं खोड यंत्राने कापून रस्ता मोकळा केला आणि तुकडे आमच्या फाटकाच्या आत लावून दिले. भिंतीवर रेललेल्या खोडाला त्यांनी हात लावला नाही. ते मुळासकट उभं होतं, म्हणजे ते तोडायला परवानगी हवी. स्वतःच्या आवारातलं, स्वतः लावलेलं झाड असलं तरी १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे शहरात विनापरवाना तोडता येत नाही.

३० मे रोजी क्षेत्रीय कार्यालयातल्या उद्यान विभागात अर्ज दिला. सोबत मिळकतकराच्या पावतीची प्रत, झाडाचे चार बाजूंनी काढलेले फोटो, जागेचा हाताने काढलेला नकाशा आणि भिंत काकूंची असल्यामुळे त्यांचं ना-हरकत पत्र जोडलं. ते पत्र कुणी मागितलं नव्हतं, पण पाहणीच्या दिवशी तेच उपयोगी पडलं. अर्जाच्या दोन प्रती घ्या आणि एकीवर पोचेचा शिक्का आणि तारीख घेऊनच बाहेर पडा. ६ जूनला निरीक्षक आले, खोडाचा घेर मोजला, पंचनामा केला. २१ जूनला परवानगीचं पत्र हातात पडलं, बदल्यात नवी झाडं लावण्याच्या अटीसह. २३ जूनला यंत्रवाल्याला बोलावून दीड-दीड फुटाचे ओंडके पाडून घेतले, त्याचे ४,००० रुपये झाले. त्या दिवशी परवानगीच्या पत्राची प्रत फाटकावर लावून ठेवा. यंत्राचा आवाज ऐकून लोक विचारायला येतात आणि त्यांनी विचारायलाच हवं.

या तारखा सांगण्याचं कारण असं, की त्यामुळे माझ्याकडे आपोआप दोन ढीग झाले. एक मेअखेरीचा, दुसरा जूनअखेरीचा. पहिल्यातला बराचसा मी लगेच, ओला असताना फोडला. दुसऱ्यातला अर्धा फोडला आणि अर्धा तसाच वाळत ठेवला. ओलं की कोरडं या प्रश्नाचं उत्तर मला या दोन ढिगांनी दिलं.

पण आधी चूक सांगते. १ जूनला मी त्या ओल्या लाकडाच्या बारीक फांद्या बंबात घातल्या. आमच्या मागच्या पडवीत आजीच्या वेळचा तांब्याचा बंब आहे आणि आईला अजूनही त्याचंच पाणी लागतं. पाणी तापायला सव्वा तास लागला आणि पडवीत धूर कोंडला. काकूंना दमा आहे. भिंतीपलीकडून त्यांचा खोकला थांबेना तेव्हा मी घागरभर पाणी ओतून आग विझवली. संध्याकाळी माफी मागायला गेले, तर त्याच मला म्हणाल्या, “अगं, तुझी काय चूक? ओलं सरपण ते. पण वाळल्याशिवाय पुन्हा नको गं पेटवूस.” मी त्यांना शब्द दिला. पुढचं सगळं त्या शब्दापोटी झालं.

बोहरी आळीत जाऊन कुऱ्हाड घेतली, ६५० रुपयांना. दुकानदाराने विचारलं, “तोडायला की फोडायला?” मला फरक माहीत नव्हता. तोडायच्या कुऱ्हाडीचं पातं पातळ असतं, ते आडवे तंतू कापतं. फोडायची कुऱ्हाड गालाला जाड असते, ती कापत नाही, दोन्ही बाजूंना रेटते. ओल्या लाकडात पातळ पातं गेलं तर रुतून बसतं. माझ्या पहिल्या तासातला अर्धा वेळ कुऱ्हाड उपसण्यात गेला असता, पण जाड पात्यामुळे तो बराच वाचला.

तरीही ३ जूनला दोन तासांत माझे तीनच ओंडके फुटले. मी प्रत्येक घाव मधोमध घालत होते. ओल्या सुबाभळीत घाव पडला की दबका ‘थप्’ असा आवाज येतो, कडेने पाण्याचे थेंब उडतात आणि लाकूड घाव गिळून टाकतं. तळहाताला चार फोड आले, पाठ धरली आणि ऑफिसला दोन दिवस पट्टा लावून गेले.

मग मामा आले. वेल्ह्याकडचे आहेत, आमच्या भागात बागकामाला येतात, सगळे त्यांना मामाच म्हणतात. मजुरीचे ९०० रुपये ठरवून एक दिवस त्यांना बोलावलं, फोडून द्यायला नाही, शिकवायला. त्यांनी ओंडका ठोकळ्यावर उभा केला, वाकून त्याचा माथा पाहिला आणि मला म्हणाले, “ताई, मधी नका मारू. भाकरीचा तुकडा कडंनंच मोडत्यात ना? तसं कडंनं घ्या.” आणि कडेकडेने फाळके पाडत गेले. जाड ओंडक्याच्या मधोमध घाव घातला तर दोन्हीकडचं सगळं लाकूड एकदम वाकवावं लागतं. कडेला मारलं तर फक्त पातळ फळी बाहेर वाकते आणि सुटते. ओल्या लाकडाला ही युक्ती जास्त लागते, कारण ओला तंतू मऊ असतो, लवतो, पटकन तुटत नाही.

दुसरी गोष्ट गाठींची. फांदी जिथून फुटलेली असते तिथे तंतू वळतात. मामा गाठ नेहमी खाली ठेवायचे, म्हणजे चीर वरच्या सरळ भागात सुरू होते आणि गाठीपाशी पोचेपर्यंत तिला वेग आलेला असतो. गाठच मोठी असेल तर कुऱ्हाड बाजूला ठेवायची आणि पाचर घ्यायची. ट्रकच्या पाट्यापासून घडवलेल्या दोन पाचरी लोहाराकडून ७०० रुपयांना आणल्या, पाच किलोचा घण ९०० ला. पाचरी दोन हव्यातच. एक अडकली तर दुसरी शेजारी ठोकून पहिली मोकळी करता येते.

मी मामांना विचारलं, की वाळल्यावर सोपं जाणार नाही का? ते थोडं थांबून म्हणाले, “लाकडावर हाय ते. बाभळ असती तर म्हनलो असतो, आजच्या आज फोडा. वाळल्याली बाभळ कुऱ्हाड माघारी धाडती. ही सुबाभळ हाय, सरळ हाय, हिला वाळूनबी फोडता येईल. पर बेचकी आत्ताच फोडा.” मी त्यांचं निम्मंच ऐकलं. सरळ ओंडके फोडले आणि खोडाला जिथे दोन फाटे फुटले होते ती चार-पाच मोठी बेचकी नंतर बघू म्हणून भिंतीशी लोटली. ते पुढे येईलच.

पहिल्या दिवसापासून एक नोंद ठेवली होती, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. एका फाळक्यावर खडूने ‘१’ लिहून तो प्रवासाच्या बॅगा तोलायच्या काट्यावर तोलला. ३ जूनला २.४० किलो भरला. जूनअखेरीस एक अख्खा ओंडका तोलून तसाच ठेवला, तो १४.२ किलो. महिन्यातून दोनदा दोन्हींचं वजन घ्यायचं ठरवलं.

जुलैत मोठी चूक केली. पाऊस लागला म्हणून फोडलेली रास ताडपत्रीत चहूबाजूंनी गुंडाळून दोरीने आवळली. २० जुलैला उघडली तेव्हा आत उबट कुबट वास आणि फाळक्यांवर पांढरी बुरशी. लाकडातून निघणारी वाफ बाहेर जायला वाट नव्हती. मग खाली दोन रांगा विटा, त्यावर बांबू, त्यावर फाळके साल वर करून, आणि फक्त माथ्यावर पत्रा, असं केलं. बाजू उघड्या ठेवल्या. रास भिंतीपासून वीतभर दूर ठेवली, नाहीतर वाळवी भिंतीवरून येते. उचलताना हातमोजे घालायचे आणि आधी काठीने फाळका हलवायचा. ऑगस्टमध्ये एकाखाली विंचू निघाला.

त्याच महिन्यात गल्लीच्या टोकाच्या नीलगिरीची एक जाड फांदी पडली, ती मी मागून आणली. आमच्या कोपऱ्यात नीलगिरीचाच एक जुना ओंडका दोन वर्षं पडून होता. दोन्ही एकाच दिवशी फोडायला घेतले. ताजी फांदी पाचरीने, चिवटपणे का होईना, उलगडली. तंतू एकमेकांत अडकलेले दिसत होते, दोन फाळक्यांमधले शेवटचे धागे कुऱ्हाडीने कापावे लागले. जुन्या ओंडक्यावर घण घातला तर पाचर वर उडाली. दगडावर मारल्यासारखा आवाज. एक ढलपी उडून भुवईला लागली आणि तीन टाके पडले. त्या दिवसापासून १५० रुपयांचा प्लॅस्टिकचा चष्मा घातल्याशिवाय मी कुऱ्हाडीला हात लावत नाही. तुम्हीही लावू नका. वाळलेल्या लाकडाच्या ढलप्या ओल्यापेक्षा कितीतरी जोरात उडतात.

हे असं का होतं ते नंतर वाचून समजून घेतलं. लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. पेशींच्या पोकळीत मोकळं आणि पेशींच्या भिंतींत मुरलेलं. आधी मोकळं पाणी जातं, तोवर लाकूड हलकं होतं पण आकसत नाही. कोरड्या वजनाच्या साधारण तीस टक्क्यांवर ओलावा आला की मग भिंतींतलं पाणी निघू लागतं, आणि तेव्हापासून लाकूड आकसतं, कडक होतं. आकसणंही सगळीकडे सारखं नसतं. वर्तुळांच्या दिशेने ते गाभ्याकडच्या दिशेपेक्षा जवळजवळ दुप्पट असतं. म्हणून वाळलेल्या ओंडक्याच्या माथ्यावर गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या भेगा पडतात. तंतू सरळ असतील तर या भेगा म्हणजे निम्मं काम झालेलंच असतं. पण तंतू पिळलेले किंवा गुंतलेले असतील तर भेग थोडी आत जाऊन थांबते आणि कडक झालेली गुंतागुंत तेवढी उरते. मामांची बाभळीची आणि बेचक्यांची गोष्ट इथे येऊन जुळते.

ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड खरं वाळलं. माझा ‘१’ नंबरचा फाळका सप्टेंबरअखेर १.९५ किलोवर होता, पावसाळ्यात त्याची गती फारच मंद होती. १५ नोव्हेंबरला तो १.७० वर आला. १,१०० रुपयांचं ओलावा मोजायचं मीटर मागवलं होतं, त्यावर २२ टक्के आला. वीसच्या खाली आल्याशिवाय पेटवायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून थांबले. आई रोज विचारायची, “आज?” मी म्हणायचे, “अजून नाही.” थंडी पडायला लागली होती आणि तिला गीझरचं पाणी नको होतं. ते दिवस कठीण गेले. पण काकूंना दिलेला शब्द आईलाही माहीत होता, तिने एकदाही आग्रह धरला नाही.

मीटर वापरताना एक लक्षात ठेवा. बाहेरच्या पृष्ठभागावर टोचू नका, तिथे आकडा बहुधा कमी येतो. एक फाळका नव्याने फोडा आणि आतल्या ताज्या अंगाला, मध्यभागी टोचा.

नोव्हेंबरमध्येच कुऱ्हाडीचं पातं दांड्यावरून निसटलं. घाव घालायला उचलली आणि पातं मागे तुळशीपाशी जाऊन पडलं. मागे कुणी नव्हतं, हे नशीब. दांडाही लाकडाचाच, तोही कोरड्या हवेत आकसला होता. मामांनी सांगितलं, रात्रभर पाण्यात ठेवली तर फुगून घट्ट होते, पण ते एका दिवसापुरतं, वाळली की पुन्हा ढिली. खरा उपाय म्हणजे दांड्याच्या डोक्यात नवी पाचर. ती त्यांनी ठोकून दिली. तेव्हापासून दर वेळी काम सुरू करण्याआधी कुऱ्हाड उलटी धरून दांडा जमिनीवर दोनदा आपटते आणि पातं हललं का ते बघते. लहान मुलांना अंगणाबाहेर ठेवते.

२२ डिसेंबरला वाळत ठेवलेले ओंडके फोडायला घेतले, पाऊस आणि ऊन दोन्ही खाल्लेले. माथ्यावर भेगा होत्या. मामांनी शिकवल्याप्रमाणे सगळ्यात लांब भेग पाहिली आणि तिच्याच रेषेत घाव घातला. ‘टाक्’ असा कोरडा आवाज आला आणि ओंडका दोन भाग होऊन ठोकळ्याच्या दोन बाजूंना पडला. एका घावात. जूनमध्ये त्याच जाडीच्या ओंडक्याला मला वीस-बावीस घाव लागले होते. मी तिथेच बसले थोडा वेळ. इतका आनंद मला कशाने झाला होता ते आठवेना. त्या दिवशी अडीच तासांत अकरा ओंडके फुटले.

मग वाळवूनच फोडावं की, असं त्या क्षणी मलाही वाटलं. पण वजनाचा आकडा निराळं सांगत होता. जून ते डिसेंबर अख्खा ठेवलेला ओंडका १४.२ वरून १०.९ किलोवर आला होता. फोडून आत मीटर टोचलं तर ३८ टक्के. सहा महिन्यांनी, ऑक्टोबरचं ऊन खाऊनही, गाभा ओलाच. तेवढ्याच काळात फोडलेला फाळका १.६२ वर पोचला होता आणि आत १७ टक्के दाखवत होता. लाकडातलं पाणी तंतूंच्या दिशेने, म्हणजे टोकांकडून, भराभर जातं आणि आडवं फार हळू, त्यात साल वाट अडवते. फोडलं की वाट मोकळी होते. म्हणजे ओंडका वाळवून फोडणं मला सोपं गेलं खरं, पण त्या फाळक्यांना जाळण्याजोगं व्हायला पुन्हा दोन-अडीच महिने लागले. जूनमध्ये घाम गाळून फोडलेली रास मात्र थंडी ऐन भरात असताना तयार होती.

बंब पेटला तो २८ डिसेंबरला, पडून सात महिने झाले त्या दिवशी. तीन बारीक फाळके, सुमारे दीड किलो, आणि पेटवायला नारळाची करवंटी. पस्तीस मिनिटांत पाणी कडक. धूर सुरुवातीला थोडा, मग नळीच्या तोंडाशी फक्त थरथरती हवा. मी भिंतीवरून डोकावले तर काकूंची खिडकी उघडी होती आणि त्या गॅलरीत पेपर वाचत होत्या.

त्या फाळक्याने जवळजवळ ८०० ग्रॅम पाणी गमावलं होतं. एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ करायला जेवढी उष्णता लागते, निव्वळ हिशेबाने तेवढ्यात सुमारे पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेता येतं. म्हणजे त्या एका फाळक्यातलं पाणी उडवण्यात आईच्या अंघोळीच्या दोन बादल्यांपैकी एकीची उष्णता गेली असती. जूनमध्ये पाणी तापत नव्हतं ते यामुळेच.

एकूण खर्च यंत्रवाला धरून १२,०००च्या आसपास गेला. मामांचे चार दिवस, हत्यारं, विटा, टाके, सगळं त्यात आलं. तेवढं सरपण वखारीतून कदाचित स्वस्तात मिळालं असतं, हे मी नाकारत नाही. पण बाबांचं झाड वखारीत द्यायला आई तयार नव्हती, आणि मीही नव्हते.

पुन्हा करायची वेळ आली तर मी असं करेन. पहिल्या आठवड्यातच गाठीचे, वाकडे, बेचक्यांचे तुकडे पाचरीने फोडेन, मग जाड ओंडके कडेकडेने. सरळ आणि बारीक, मनगटाएवढे किंवा थोडे जाड, शेवटी ठेवेन, ते उशिरा फोडले तरी बिघडत नाही. दिवसाला दोन तासांच्या वर काम करणार नाही, दमलेल्या हाताने कुऱ्हाड तिरकी पडते आणि नडगीवर येते.

राहिली ती बेचकी. जानेवारीत मी आणि मामा दोघांनी एक दिवस त्यांच्यावर घालवला. पाचर ठोकली की आत जायची, पण चीर पुढे सरकायची नाही. एकात दोन्ही पाचरी अडकल्या, त्या सोडवायला यंत्रवाला पुन्हा बोलवावा लागला, ५०० रुपये. मामा मला काही बोलले नाहीत, फक्त बेचक्यावर हात फिरवत म्हणाले, “लई जीव हाय ह्याच्यात.”

मार्चमध्ये गल्लीतली मुलं होळीसाठी लाकूड मागायला आली. आईला विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “दे. त्यांना आवडलं असतं.” मैदानावरची होळी चांगली धगधगल्यावर मुलांनी ती चारही बेचकी मधोमध लोटली. टोकांतून फेस येत होता, आतला ओलावा अजूनही निघत होता. लोक गेले, बारा वाजले, गोवऱ्या राख झाल्या, तरी ती जळत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी पातेलं घेऊन गेले तेव्हा राखेखाली निखारे होते, मुठीएवढे, लाल. धुळवडीची आईची अंघोळ त्यांच्यावर तापवलेल्या पाण्याने झाली. बुंध्यातून आता नवे कोंब गुडघ्याएवढे वर आले आहेत.